कावीळ आणि कुमसार

कावीळ झालेल्या माणसाचे घरात जेवढे लाड होतात तेवढे होणाऱ्या धर्मगुरूचेही होत नाहीत. माझ्या वाट्याला दोन्ही एकदम आलं. सेमिनरीतली शेवटची वर्षं चालू होती, उपयाजकपदाची दीक्षा, म्हणजे धर्मगुरू होण्याआधीची शेवटची पायरी, तोंडावर आली होती, आणि एका सकाळच्या प्रार्थनेला शेजारी उभ्या असलेल्या मुलानं माझ्या डोळ्यांत पाहून हळूच विचारलं, "हळद लावून आलास काय?" दुपारी डॉक्टर, मग ऑटो, आणि दिवेलागणीला मी चामराजपेटच्या घरी खाटेवर. सेमिनरीत आणखीही काही मुलं पिवळी पडली होती. किती, ते नक्की आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. सेमिनरीचे मुख्य, म्हणजे रेक्टर, म्हणाले होते, घर शहरातच आहे तर घरीच बरा हो. प्रात्यक्षिक परीक्षेला उभं राहता आलं म्हणजे झालं.

आमचं घर म्हणजे बाबांच्या दुकानामागच्या दोन खोल्या. बाबा तराजू दुरुस्त करत. मार्केटमधले किराणावाले, भाजीवाले, सोनार, सगळ्यांचे काटे त्यांच्याकडे येत. त्यामुळे आमच्या घरात सकाळ उजाडायची ती कानशीच्या खरखरीनं आणि पितळी वजनं एकमेकांवर आपटण्याच्या आवाजानं. बाहेर बसचे हॉर्न, वरच्या मजल्यावर घरमालकीण गौरम्माचा रगडा, आणि मधल्या दारातल्या पडद्यापलीकडून बाबांचा आवाज. काटा दुरुस्त झाला की ते दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवत, काट्याची सुई मधोमध येऊन थांबेपर्यंत श्वास रोखून बघत, आणि मग म्हणत, "सरी." हा कन्नड शब्द बेंगळुरात सगळ्यांच्याच जिभेवर असतो. ठीक, बरोबर, झालं, कळलं, निघा आता, या सगळ्याला एकच सरी. आमचे लोक मूळचे खानापूरकडचे. घरात मराठी, दुकानात कन्नड, चर्चमध्ये इंग्रजी, आणि आई फारच रागावली तर कोंकणी. पण सरी सगळ्या भाषांत चालायचं. मी बोलायला लागलो तेव्हा 'आई' म्हणायच्या आधी 'सरी' म्हणालो असं फिलू अक्का, माझी थोरली बहीण, सांगायची. तिचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण हे खरं असेल.

आईनं माझ्या ताटातून तेल, तूप, मिरची आणि मासे हद्दपार केले. मला मऊ भात, उकडलेला दुधी, ताक आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावरचा उसाचा रस. मी खात नाही तर घरात कुणीच तळलेलं खायचं नाही, असाही तिनं नियम केला. फिलू अक्का शाळेत शिकवायची, तिचं तिथल्या बायांच्या डब्यांवर भागायचं. बाबांची मात्र पंचाईत झाली. ते संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून जात आणि मिशी पुसत परत येत. मिरची भज्यांचा वास त्यांच्याआधी घरात यायचा. आई म्हणायची, "पाय कुठं मोकळे केलासा? कढईत काय?" बाबा म्हणायचे, "वाऱ्यावर वास आला असेल की कुठला तरी." आणि मी खाटेवर पडून त्या वासावर मऊ भाताचे घास उतरवायचो.

आता परीक्षेबद्दल. धर्मगुरू व्हायचं म्हणजे तत्त्वज्ञान आणि बायबल पाठ असून भागत नाही. लोकांपुढे उभं राहून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालवता यायला हवी, बाळाला बाप्तिस्मा देता यायला हवा, लग्न लावता यायला हवं, आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावता यायला हवं, मयताला चार शब्द बोलता यायला हवेत. हे सगळं आम्हांला फादर लॅन्सी शिकवायचे. मंगळूरकडचे, बारीक अंगाचे, बरीच वर्षं सीमाभागातल्या चर्चमध्ये काढल्यामुळे मराठी चांगलं बोलायचे. वर्गात खोटी वेदी, खोटा प्याला, खोटी वधू. वधू म्हणून बहुधा केरळचा एक दाढीवाला मुलगा उभा राहायचा. हात किती उचलायचे, कुठे थांबायचं, पुस्तकातली काळी अक्षरं म्हणायची आणि लाल अक्षरांत लिहिलेलं करायचं, म्हणायचं नाही. एकानं घाईत लाल अक्षरंही वाचली होती. "येथे धर्मगुरू गुडघे टेकतो," असं त्यानं भर वेदीवरून गंभीरपणे जाहीर केलं आणि उभाच राहिला.

माझं हातवाऱ्यांचं काम चोख होतं. पाणी किती थेंब, धूप किती वेळा, याच्यात माझी चूक काढता आली नसती. माझं अडलं ते कुमसाराशी. पापनिवेदनाला आमच्याकडे जुनी माणसं कुमसार म्हणतात. कुमसार ऐकण्याचा अधिकार धर्मगुरू झाल्यावरच मिळतो, पण फादर लॅन्सींचं म्हणणं असं, की ज्याला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो ते सगळ्यात आधी सुरू करावं. एक मुलगा पापी होऊन गुडघ्यांवर बसायचा आणि दुसरा फादर होऊन ऐकायचा. माझ्यापुढे बसलेला मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, "फादर, मी भावाच्या जमिनीची खोटी कागदपत्रं केली." मी म्हणालो, "सरी." तो म्हणाला, "आणि आईची सही पण मीच ठोकली." मी म्हणालो, "सरी, सरी." वर्ग बाकांवरून खाली पडायचा बाकी राहिला.

फादर लॅन्सी हसले नाहीत. म्हणाले, "सायमन, पापाला पावती देतोस काय? त्याला वाटेल, एवढं चालतं, आणखी थोडी जमीन ढापू या." मी म्हणालो, फादर, ते तोंडातून आपोआप येतं. ते म्हणाले, "आपोआप येतं तेच वाईट. तू ऐकत नाहीस, तू पुढचं वाक्य मागवतोस." मग त्यांनी औषध दिलं. समोरच्या माणसाचं वाक्य संपलं की मनात नमो मरियाची एक प्रार्थना पूर्ण म्हणायची, मगच तोंड उघडायचं. मी तेही करून पाहिलं. नमो मरिया पूर्ण व्हायची आणि आमेनच्या जागी सरी यायचं. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, की बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी परीक्षेत कुमसाराच्या वेळी हा शब्द आला तर ते मला नापास करणार. आणि नापास म्हणजे दीक्षा एक वर्ष पुढे.

कावीळ उतरणीला लागल्यावर मी घरीच सराव सुरू केला. बाप्तिस्म्याला बाळ नव्हतं, म्हणून आईनं दुधी दिला. चांगला लांब, गोरा दुधी, टॉवेलात गुंडाळलेला. फिलू अक्का आई झाली, बाबा दुकानातून मान आत घालून बाप झाले. मी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलं आहे?" अक्का म्हणाली, "सोरेकाई." कन्नडमध्ये दुधीला तेच म्हणतात. मी तिन्ही वेळा पाणी ओतलं, पण बाप्तिस्म्याचे मूळ शब्द म्हणेना. ते शब्द खेळात वापरायचे की नाहीत याबद्दल माझ्या मनात शंका होती, म्हणून मी तेवढ्या जागी फक्त ओठ हलवले. तरी संध्याकाळी तोच दुधी माझ्या ताटात आला तेव्हा माझा घास अडला. आई म्हणाली, "खा की. ख्रिस्ती झाला म्हणून काय पथ्य सोडायचं?" लग्नाच्या सरावाला अक्का वधू आणि वर म्हणजे बाबांचा कोट घातलेली खुर्ची. अक्कानं खुर्चीला सुखात आणि दुःखात साथ देण्याचं वचन दिलं आणि मला म्हणाली, "आजवर आलेल्या स्थळांपेक्षा हे बरं आहे. निदान उलट बोलत नाही."

हे सगळं मला हल्ली वारंवार आठवतं, कारण बाप्तिस्म्याच्या आधी आईवडिलांची तयारी करून घेण्याचं काम आमच्या चर्चमध्ये आता माझ्याकडे आहे. मी एचएसआर लेआउटमध्ये राहतो. पुण्या-नागपूरहून आलेली तरुण जोडपी बेळ्ळंदूरहून ट्रॅफिकमधून धापा टाकत येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "अंकल, टोटल ड्युरेशन किती असतं?" मी त्यांना बाळाऐवजी उशी देतो. दुधी देण्याची हिंमत होत नाही.

तर कुमसार. पहिल्यांदा आई बसली. मी खाटेवर, ती खाली पाटावर, मध्ये अडोसा म्हणून तांदूळ पाखडायचं सूप उभं धरलेलं. आईनं डोळे मिटले आणि सांगायला लागली, "फादर, आमच्या फिलूला स्वयंपाकाचा कंटाळा आहे. आमचे हे खोटं बोलून भजी खातात. वरची गौरम्मा पाणी आलेलं मुद्दाम सांगत नाही." मी म्हटलं, आई, स्वतःची पापं सांगायची असतात. ती जरा वेळ विचार करून म्हणाली, "माझं पाप एवढंच, की हे सगळं मी सहन करायले." आणि मी म्हणालो, "सरी." अक्का पलीकडून ओरडली, "एक!" ती सरी मोजायला बसली होती. मग ती स्वतः पाटावर आली आणि एवढी झणझणीत पापं रचून सांगायला लागली, मुख्याध्यापकांना विष, बँकेवर दरोडा, शेजारणीचा नवरा, की आई स्वयंपाकघरातून कानांवर हात ठेवून म्हणाली, "फिले, सराव आहे म्हणून देव काय झोपलाय काय?" मी सगळ्याला सरी म्हणत गेलो. वरून गौरम्मा खिडकीत वाकून विचारायची, "सायमन, पूजे आयिता?" झाली का पूजा? अक्का म्हणायची, "अजून पापं शिल्लक आहेत, गौरम्मा."

बाबा मात्र पाटावर बसत नव्हते. म्हणायचे, मला नाटक जमत नाही. चर्चमध्ये तेव्हा त्यांचा फार मान होता. मिस्सा सुटली की लोक त्यांचा हात हातात घेऊन म्हणत, भाग्यवान आहात, मुलगा देवाला दिला. ते मान खाली घालून "देवाची कृपा" म्हणत. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते चर्चला जाऊन मरियामातेपुढे एक मेणबत्ती लावत, पाऊस असो, ताप असो. खानापूरच्या सगळ्या नातेवाइकांना दीक्षेला यायचं निमंत्रण त्यांनीच दिलं होतं. अशा माणसाला खोटं पाप सुचत नसेल, असंच आम्ही धरून चाललो होतो.

पुढे जे झालं ते मी इथे लिहितो आहे, कारण ते बाबांनीच नंतर चारचौघांत, माझ्या लग्नाच्या जेवणात माईक हातात घेऊन, सांगून टाकलं. नाहीतर मी लिहिलं नसतं.

एका दुपारी आई आणि अक्का मार्केटला गेल्या होत्या. मी खाटेवर बसून पुस्तक वाचत होतो. बाबा दुकानातून आत आले, हात फडक्याला पुसले, आणि काही न बोलता पाटावर बसले. म्हणाले, "घे. तुझा तो सराव कर." मी सूप उभं धरलं. बाबांनी क्रूसाची खूण केली.

"फादर, एक माणूस आहे," ते म्हणाले.

"बाबा, मी म्हणायचं. मी पाप केलं, असं."

"असू दे. मी. माझं काट्याचं दुकान आहे. मला एक मुलगा आहे, तो सेमिनरीत शिकायलाय."

मला वाटलं, बरं जमलंय नाटक. मनात नमो मरिया सुरू केली.

"लोक म्हणतात, मुलगा देवाला दिला. मी काय दिलं नाही. तो गेला. सुट्टीला येतो तो पाव्हण्यासारखा बसतो. त्याची आई त्याला चांगल्या कपातनं चहा देते. फुटका कप त्याचा होता, तो आता मी वापरतो. उद्या तो फादर होणार. मी त्याला फादर म्हणायचं. बापानं पोराला फादर म्हणायचं, हे मला काय जमायला होत नाही." ते थांबले. सुपापलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. "म्हणून मी रोज सकाळी मेणबत्ती लावतो आणि मागतो, की तो परीक्षेत नापास व्हावा. नापास होऊन घरी यावा. वर्ष झालं मागायलोय. आणि मग त्याला कावीळ झाली. मी नापास मागितलं होतं हो, कावीळ नव्हती मागितली. पण देवानं असंच ऐकलं असणार. पोराला मी आजारी पाडलं."

आणि मी म्हणालो, "सरी."

जीभ चावण्याइतकाही वेळ मिळाला नाही. शब्द बाहेर पडला होता.  सुपाच्या कडेवरून बाबांचे डोळे दिसले. "सरी म्हणालास," ते म्हणाले. "म्हणजे माझ्यामुळंच." मी सूप खाली टाकलं, नाही बाबा, ते तसं नाही, तोंडातून आपोआप, असं काहीतरी बडबडायला लागलो, पण दुकानात कुणीतरी "अण्णा, काटा आयिता?" म्हणून हाक मारली, आणि ते उठून गेले. पडद्यापलीकडे कानशीची खरखर सुरू झाली. पारडी वाजली. नेहमीचा शब्द काही आला नाही.

मी स्वभावानं शंकेखोर. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात दोन गोष्टी शिरल्या आणि बाहेर जाईनात. एक, सरावात ऐकलेलं कुमसार कुणाला सांगता येतं का? दुसरी मी स्वतःशीही उच्चारत नव्हतो. अंगात जरा ताकद आल्यावर मी बसनं सेमिनरीत गेलो आणि फादर लॅन्सींना गाठलं. ते बागेत पपईच्या झाडाला पाणी घालत होते. मी म्हटलं, समजा, एका मुलापुढे सरावात एका माणसानं खरंच पाप सांगितलं, तर?

ते म्हणाले, "सराव म्हणजे संस्कार नाही, म्हणून ऐकलेलं कुणालाच न सांगण्याचं कुमसाराचं कुलूप नाही. पण भरवशानं सांगितलं ना? मग आपलं नेहमीचं तोंड तरी बंद ठेवावं. आणि त्या माणसाला खऱ्या फादरकडे पाठवावं."

"त्याला वाटतं, त्याच्या मागण्यामुळे मुलगा आजारी पडला."

त्यांनी पाइप दुसऱ्या झाडाकडे वळवला आणि माझ्या डोळ्यांत नीट पाहिलं, पिवळेपणा राहिलाय का ते बघावं तसं. "सेमिनरीच्या पाण्याच्या टाकीत घाण सापडली," ते म्हणाले. "त्या माणसाला सांग, एवढ्या मुलांना पाडण्याइतकी ताकद त्याच्या मेणबत्तीत नाही." मग म्हणाले, "त्या माणसाचं जाऊ दे. तो काय मागतोय हे कळल्यावर मुलाला काय वाटलं?"

मी खरं ते सांगितलं. पहिल्या क्षणाला हलकं वाटलं होतं. दप्तर खाली ठेवल्यासारखं. मला कुणीतरी घरी मागतंय, हे ऐकून. फादर लॅन्सींनी पाइप झाडाच्या आळ्यात सोडला. एक नमो मरिया होईल एवढा वेळ पाणी पडत राहिलं. मग म्हणाले, "परीक्षा दे. नीट दे. नंतर बोलू."

बसमधून परत येताना मी हिशेब मांडला, आणि तो साधा होता. मला धर्मगुरू व्हायचं नव्हतं. ते मला बऱ्याच दिवसांपासून ठाऊक असावं. हातवारे बिनचूक करण्याच्या नादात मी तिकडे पाहिलं नव्हतं. पण मी नापास झालो, किंवा परीक्षेआधीच घरी बसलो, तर बाबांचं मागणं फळलं असं होणार. मग ते मरेपर्यंत समजणार, की आपण देवाच्या हातातून पोरगा हिसकावला, आधी कावीळ देऊन आणि मग नापास करून. मला सोडायचं असेल तर आधी पास होणं भाग होतं. पास होण्यासाठी मी त्या आठवड्यांत जेवढी मेहनत केली तेवढी दीक्षा हवी असताना कधी केली नव्हती. अक्काला सांगितलं, माझ्या तोंडातून तो शब्द आला की चिमटा काढ. तिनं ते काम मनापासून केलं. कावीळ उतरून हात निळा झाला.

बाबांना मी खऱ्या फादरकडे जायला सांगितलं. ते म्हणाले, "जाऊन आलो कधीच." पुढे विचारायची सोय नव्हती. मेणबत्ती चालू होती, पण आता काय मागतात कळत नव्हतं. माझ्याशी बोलताना ते नजर टाळत आणि मला दोन वेळा चुकून, की मुद्दाम, "फादर" म्हणाले. सराव करत असावेत.

परीक्षेला एका लांब टेबलामागे तिघे शिक्षक बसले होते. मिस्सा झाली. बाप्तिस्मा झाला, रबरी बाहुलीचा. मग चर्चचा कायदा शिकवणारे म्हातारे फादर काठी टेकत उठले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर पापी होऊन बसले. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते पाप मोठ्यांदा सांगायचे. "फादर, मी माझ्या भावाशी बोलत नाही. आईच्या मयतालासुद्धा बोललो नाही." एवढं बोलून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला बाबांचा श्वास आठवला. बाबांनी सांगितलं तेव्हा मी खरंच ऐकलं नव्हतं. नमो मरिया म्हणत होतो. आता मी काहीच म्हणत नव्हतो, नुसता ऐकत होतो, आणि तरीही, सवयीची जीभ ती, ओठांवर 'स' आला. ऐकू येईल एवढा आला. टेबलामागे फादर लॅन्सींनी पेन खाली ठेवलेलं मला दिसलं.

"स...," मी म्हणालो. "सांगा."

म्हाताऱ्या फादरांनी कानाला हात लावला. "काय?"

"सांगा, पुढं सांगा."

आणि ते सांगायला लागले. बराच वेळ सांगत राहिले. परीक्षेला लागतं त्यापेक्षा जास्त. बाहेर आल्यावर फादर लॅन्सी म्हणाले, "आता तू तयार झालास." मी म्हटलं, फादर, मला तुमच्याशी बोलायचं आहे. ते म्हणाले, "माहीत आहे. पण पास झालास ते झालास."

त्याच संध्याकाळी मी घरी गेलो. आई आणि अक्का आत होत्या. बाबा दुकानात सोनाराचा छोटा काटा उघडून बसले होते, डोळ्याला भिंग लावून. मी समोरच्या स्टुलावर बसलो.

"बाबा, पास झालो."

त्यांनी भिंग काढलं. चिमटा खाली ठेवला. "देवाचे उपकार," ते म्हणाले, आणि ते म्हणायला त्यांना कष्ट पडले हे मला कळलं.

"पण मी दीक्षा घेत नाही. मी घरी यायलोय. फादर लॅन्सींना सांगून आलोय, उद्या रेक्टरना सांगणार."

बाबांचा चेहरा उतरला. तो आनंद नव्हता. "माझ्यामुळं," ते म्हणाले.

"नाही. तुम्ही काय मागितलं होतं?"

"तुला माहीत आहे की."

"सांगा."

"नापास व्हावा म्हणून."

"आणि मी काय झालो?"

त्यांनी भिंगाची काच अंगठ्यानं पुसली.

"पास झालो, बाबा. तिघांनी मिळून पास केलंय. तुमचं मागणं देवानं ऐकलं नाही. कावीळ टाकीतल्या पाण्यानं झाली, ती बाकीच्या पोरांनाही झाली. त्यांच्या बापांनी काय मागितलं होतं? मी सोडतोय ते माझं मी सोडतोय. पास होऊन सोडावं, असं कुणी मागितलेलं नव्हतं."

बाबा जन्मभर दोन पारडी बघत आलेला माणूस. त्यांनी हे एका बाजूला ठेवलं, ते दुसऱ्या बाजूला ठेवलं, आणि बराच वेळ बघत बसले. रस्त्यावरून एक बस गेली, वजनं जागच्या जागी थरथरली.

"अजिबात ऐकलं नाही?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"वर्षभर मेणबत्त्या लावल्या की रे." त्यांच्या आवाजात थोडा राग होता. देवावरचा.

"होय, बाबा."

मग ते उठले. फडक्यानं हात पुसले, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि पायांत चपला सरकवल्या. मी विचारलं, कुठं निघालासा, आईला सांगायचं आहे अजून.

"तू सांग. मी चर्चला जाऊन येतो," ते म्हणाले. "मागंच कुमसारात फादरांना सांगून बसलोय, मी पोराला आजारी पाडलं म्हणून. ते पाप माझं नव्हतंच. परत घेऊन येतो."